तीन अक्षरांच्या ‘मुळशी’ची पाच प्रश्नचिन्हं कशी होतात? वेबसाईट नव्या सर्व्हरवर नेताना नेमकं काय घडतं

समजा, पावसाळ्यातला एक वीकेंड जवळ आलाय. मुळशी धरणाच्या काठावरच्या एका कृषी पर्यटन केंद्राची वेबसाईट तुम्ही उघडता. दोन खोल्या, चार माणसं, रात्रीचं जेवण असं सगळं निवडता. पैसे जातात, बुकिंग होतं, पावती येते. आणि पावतीवर पत्ता असतो: ‘ता. ?????, जि. ????’.

पहिली शंका येते ती फसवणुकीची. साईट हॅक झाली की काय? बहुतेक वेळा तसं काही नसतं. ती साईट नुकतीच एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर गेलेली असते आणि वाटेत मराठी सांडलेलं असतं.

नीट बघा, त्या पावतीत एक पुरावाही आहे. ‘ता.’ आणि ‘जि.’ शाबूत आहेत, पण ‘मुळशी’ आणि ‘पुणे’ गेलेत. कारण ‘ता.’ आणि ‘जि.’ हे शब्द प्रोग्रामच्या फाईलमध्ये लिहिलेले होते, तर ‘मुळशी’ आणि ‘पुणे’ डेटाबेसमधून आले. म्हणजे फाईल सुखरूप पोचली, गडबड डेटाबेसच्या बाजूला झाली. आणखी एक गंमत. डोळ्यांना ‘मुळशी’त अक्षरं तीनच दिसतात, मग प्रश्नचिन्हं पाच का? याचं उत्तर पुढे आहे आणि अख्ख्या भानगडीची किल्ली त्यातच आहे.

मुळशी हे नाव काही उगाच घेतलेलं नाही. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क ज्या तालुक्यात आहे, तो हाच मुळशी तालुका. तालुक्याच्या एका टोकाला काचेच्या इमारतींमध्ये परदेशातल्या कंपन्यांच्या सिस्टिम्स इकडून तिकडे हलवण्यासाठी टीमच्या टीम बसतात. दुसऱ्या टोकाला, धरणाच्या नि ताम्हिणीच्या बाजूला, छोट्या रिसॉर्टची साईट कुणाच्या तरी भाच्याने कॉलेजात असताना बनवून दिलेली असते. भाचा आता बेंगळुरूला असतो. साईट मात्र तीच असते.

(या लेखात ‘मायग्रेशन’ला मुद्दाम ‘स्थलांतर’ किंवा ‘विस्थापन’ म्हटलेलं नाही. ज्या तालुक्याने धरणासाठी गावं बुडताना पाहिली आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध सत्याग्रह केला, तिथे ते शब्द फायली हलवण्यासाठी वापरू नयेत असं वाटतं.)

पीएचपी आणि फ्रेमवर्क म्हणजे काय?

रासमुस लेर्डोर्फ यांनी ८ जून १९९५ रोजी स्वतःच्या वेबपेजसाठी लिहिलेली काही साधनं सर्वांसाठी खुली केली. नाव होतं ‘पर्सनल होम पेज टूल्स’, म्हणजेच पीएचपी. आज ज्या वेबसाईट्सची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते, त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश साईट्स पीएचपीवर चालतात. विकिपीडिया पीएचपीवर चालतो, वर्डप्रेस पीएचपीमध्येच लिहिलंय, फेसबुकची सुरुवातही पीएचपीनेच झाली. ‘पीएचपी संपली’ असं दरवर्षी कुणीतरी जाहीर करतं, आणि ते वाक्य ज्या साईटवर छापून येतं तीही बऱ्याचदा पीएचपीवरच असते.

आता फ्रेमवर्क. घरच्या अंगणात लग्न करायचं तर मांडव, भांडी, पाणी, पंगतीच्या पट्ट्या सगळं तुम्हालाच जमवावं लागतं. कार्यालय घेतलं की स्टेज, स्वयंपाकघर, वऱ्हाडाच्या खोल्या तयार मिळतात, फक्त कार्यालयाचे नियम पाळायचे. फ्रेमवर्क म्हणजे हे कार्यालय. लॉगिन, फॉर्म तपासणं, डेटाबेसशी बोलणं, ईमेल पाठवणं ही दर साईटला लागणारी कामं त्यात तयार असतात. पीएचपीमध्ये सिम्फनी आणि केकपीएचपी २००५ चे, कोडइग्नायटर २००६ चा आणि आज सर्वात जास्त बोलबाला असलेला लारावेल २०११ चा.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या आणि बीसीएच्या पोरांनी प्रोजेक्टसाठी वर्षानुवर्षं कोडइग्नायटर वापरला. शिकायला सोपा, स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर निमूट चालणारा. आपल्या गोष्टीतल्या भाच्यानेही २०१६ मध्ये तोच घेतला असं धरून चालू. कोडइग्नायटर ३, पीएचपी ५.६ आणि जुना मायएसक्यूएल डेटाबेस.

चालतंय ना, मग हलवायचं कशाला?

कारण पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. मुदत संपली की सुरक्षेतली भोकं बुजवणं थांबतं. पीएचपी ५.६ ची मुदत ३१ डिसेंबर २०१८ ला संपली, ७.४ ची २८ नोव्हेंबर २०२२ ला. ८.२ ला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आणि ८.३ ला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. होस्टिंग कंपनी मग एक दिवस ईमेल पाठवते की अमुक तारखेपासून जुनी पीएचपी बंद. तो ईमेल भाच्याच्या कॉलेजच्या काळातल्या पत्त्यावर जातो आणि तिथेच पडून राहतो.

इथे अनेकांना वाटतं की होस्टिंगच्या पॅनलमध्ये आवृत्ती बदलली की झालं. पण भाषा बदलते म्हणजे काय होतं, त्याचा एक नमुना बघा. बुकिंगच्या फॉर्ममध्ये ‘जादा गादी’ असा रकाना आहे. कुणी तिथे २ लिहितं, कुणी ‘नाही’ असं लिहितं. जुन्या कोडमध्ये अट आहे: जादा गादी शून्याबरोबर असेल तर पैसे लावू नका. पीएचपी ७ पर्यंत ‘नाही’ हा शब्द आणि शून्य हा आकडा यांची तुलना केली तर उत्तर ‘सारखेच’ असं यायचं, कारण शब्दाचा आधी आकडा केला जायचा आणि ज्यात आकडा नाही त्याचं शून्य व्हायचं. २६ नोव्हेंबर २०२० ला आलेल्या पीएचपी ८ ने हा नियम बदलला. आता ‘नाही’ म्हणजे शून्य नाही. साईट उघडते, रंग तेच, फोटो तेच, कुठेही एरर नाही. फक्त ज्या पाहुण्याने गादी ‘नाही’ म्हटलं त्याच्या बिलात गादीचे पैसे लागले. रकाना रिकामा सोडला तरी तेच, कारण रिकामी जागाही आता शून्याबरोबर नाही.

साईट पूर्ण बंद पडली तर बरं, निदान लगेच कळतं तरी. चालू राहून चुकीची चालणारी साईट जास्त महागात पडते.

फ्रेमवर्कचंही तसंच. कोडइग्नायटर ४ फेब्रुवारी २०२० मध्ये आला तो पूर्ण नव्याने लिहिलेला. त्याला बनवणारेच सांगतात की ३ वरून ४ वर जाणं म्हणजे अपग्रेड नव्हे, साईटचं रूपांतरच. त्यामुळे बरेच जण या टप्प्यावर विचार करतात, सगळं नव्यानेच करायचंय तर लारावेलवरच जाऊ. निर्णय वाईट नाही, पण लारावेलची नवी मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि प्रत्येकीला सुरक्षा दुरुस्त्या दोनच वर्षं मिळतात. म्हणजे कार्यालय झकास आहे, पण दर दोन-तीन वर्षांनी तिथलं सामान हलवावं लागणार. वर्षभर कुणी बघणारच नसेल, तर नव्या फ्रेमवर्कचा मोह न धरलेला बरा.

नवी साईट उभी करताना

लारावेल किंवा सिम्फनीचं सामान ‘कम्पोझर’ नावाचं साधन आणून देतं. कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती आणली याची यादी तो एका ‘लॉक’ फाईलमध्ये ठेवतो. नव्या सर्व्हरवर या यादीप्रमाणे ‘इन्स्टॉल’ करायचं असतं. घाईत कुणी ‘अपडेट’ची आज्ञा देतं, यादी बाजूला राहते, नव्या आवृत्त्या येतात आणि लॅपटॉपवर चालणारी साईट सर्व्हरवर आडवी होते.

दुसरी फाईल आहे ‘एन्व्ह’ची. डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेच्या चाव्या, ईमेलचा पासवर्ड, सगळं हिच्यात. म्हणून सर्व्हरचं तोंड फक्त ‘पब्लिक’ नावाच्या फोल्डरकडे ठेवायचं असतं. स्वस्त होस्टिंगवर अख्खा प्रोजेक्ट एकाच उघड्या फोल्डरमध्ये ओतला, तर ही फाईल ब्राउझरमध्ये पत्ता टाकून कुणालाही वाचता येऊ शकते. आणि ‘डीबग’ चालू ठेवून साईट लोकांसमोर आणली, तर एरर आली की साईट आपल्या पोटातली माहिती स्वतःच पडद्यावर मांडते.

याची झळ तुम्हाला-मला कशी लागते? रिसॉर्टवाल्याने तुमच्याकडून आधार कार्डाचा फोटो घेतलेला असतो. तो त्याच सर्व्हरवर असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड काही छोट्या रिसॉर्टला लागणार नाही, पण जबाबदारी त्याच्यावरही आहेच. जुन्या सर्व्हरवरचे आधारचे फोटो नव्यावर नेताना सरळ विचारावं, पाच वर्षांपूर्वीच्या पाहुण्याचं आधार आपल्याला हवंय कशाला? जे न्यायचं नाही ते पुसून टाकणं हाही मायग्रेशनचाच भाग आहे.

आता ती पाच प्रश्नचिन्हं

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, चिन्ह कळतं. ‘मुळशी’ त्याच्यासाठी अशी आहे: म, उकार, ळ, श, वेलांटी. झाली पाच चिन्हं. युनिकोड साठवायच्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईट घेतं. पाच त्रिक पंधरा. म्हणजे डोळ्यांना तीन, युनिकोडला पाच आणि डिस्कला पंधरा. पीएचपीला साध्या पद्धतीने या शब्दाची लांबी विचारली तर ती पंधराच सांगते.

मायएसक्यूएल डेटाबेस २०१८ पर्यंत, म्हणजे ८.० आवृत्ती येईपर्यंत, वेगळं काही सांगितलं नाही तर ‘लॅटिन-१’ पद्धत धरायचा. ही पश्चिम युरोपच्या अक्षरांची, एका अक्षराला एक बाईट. तिच्यात ‘म’ला जागाच नाही. नीट साठवलेली ‘मुळशी’ अशा लॅटिनवाल्या वाटेने नेली, तर डेटाबेस प्रत्येक चिन्हापाशी थांबतो, त्याला ते आपल्या यादीत सापडत नाही आणि तो तिथे प्रश्नचिन्ह ठेवतो. पाच चिन्हं, पाच प्रश्नचिन्हं. ‘पुणे’ची चार.

मग २०१६ ची जुनी साईट मराठी दाखवत होती ती कशी? तर चुकीवर चूक होऊन बरोबर आलेलं होतं. साईटने डेटाबेसला पंधरा बाईट दिले आणि सांगितलं, ही लॅटिनची पंधरा अक्षरं आहेत. डेटाबेसने विश्वास ठेवला. वाचताना तेच पंधरा बाईट परत दिले आणि ब्राउझरने ते यूटीएफ-८ समजून ‘मुळशी’ दाखवली. आठ वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. नव्या सर्व्हरवर सगळं यूटीएफ-८ केलं, आणि डेटाबेस प्रामाणिकपणे म्हणाला, थांबा, तुमच्या पंधरा लॅटिन अक्षरांचं मी यूटीएफ करून देतो. आता पडद्यावर प्रश्नचिन्हंही नाहीत, तर टोप्या-टिंबं लावलेल्या रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

यात एक चांगली बातमी आहे. खिचडी दिसली तर मूळ मजकूर बहुधा वाचवता येतो, कारण पंधरा बाईट जिवंत आहेत. जाणकार माणूस त्या रकान्याला आधी ‘नुसते बाईट’ म्हणजे बायनरी करतो आणि मग ‘हे यूटीएफ-८ आहे’ असं डेटाबेसला सांगतो. सरळ ‘कन्व्हर्ट’ केलं तर खिचडीच पक्की होते. प्रश्नचिन्हांचं मात्र अवघड. ती फक्त दाखवताना येत असतील तर कनेक्शनची सेटिंग बदलून सुटतं. पण डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्ह साठवलं गेलं असेल, तर ते आता खरोखरचं प्रश्नचिन्ह आहे. त्याच्या खाली ‘मु’ लपलेला नाही. बॅकअप असेल तर त्यातून आणायचा, नसेल तर त्या पाहुण्याचं नाव गेलं.

नावं अर्धी तुटण्याचा प्रकारही याच घरातला. लॅटिन पद्धतीत नावाच्या रकान्याला ५० ची मर्यादा ठेवली होती. इंग्रजी नावाला ती भरपूर आहे. पण ‘ज्ञानेश्वर विश्वनाथ’ एवढंच लिहिलं तरी मधल्या मोकळ्या जागेसकट ५५ बाईट होतात. जुना मायएसक्यूएल तक्रार न करता ५० वर कापायचा. उरायचं ‘ज्ञानेश्वर विश्वन’ आणि शेवटी एक तुटका बाईट. मायएसक्यूएल ५.७ पासून नियम मुळातच कडक झाले, त्यामुळे असा डेटा नव्या टेबलात घालताना एरर येते. त्रासदायक वाटते, पण तीच आपली मैत्रीण. तिला गप्प करण्यासाठी कडक नियम बंद करायचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळेल, तो घेऊ नये.

आणि इमोजी! मायएसक्यूएलमध्ये ज्याला नुसतं ‘यूटीएफ-८’ म्हणायचे, त्यात एका चिन्हाला तीनच बाईटची जागा होती. देवनागरी त्यात बरोबर बसते, इमोजीला चार लागतात. कुणी अभिप्राय लिहिला, ‘मस्त जागा’, मग बदामाच्या डोळ्यांचा चेहरा, मग ‘पण बाथरूमची सोय सुधारा’. साठवलं गेलं ‘मस्त जागा’, इमोजीपासून पुढचं सगळं गळालं. काही मालकांना ही सोयच वाटली असेल. यावर उपाय म्हणजे ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हा पर्याय. यातलं एमबी मेगाबाईटचं नाही, एका चिन्हाला चार बाईटपर्यंत जागा असा त्याचा अर्थ.

श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर असेल तर प्रकरण वेगळंच. तिथे डेटाबेसमध्ये मराठी नसतंच. रोमन अक्षरं किंवा चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्यायचं आणि मग माणसाने बसून वाचायचं, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

एक खोली, दोन कुटुंबं

साईटचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं, याची नोंद डीएनएसमध्ये असते. ती बदलली तरी सगळ्या जगाला एका क्षणात कळत नाही. काही तास, कधी दिवसभर, कोथरूडमधला माणूस नव्या सर्व्हरवर आणि ठाण्यातला जुन्या सर्व्हरवर जात असतो. दोघांनाही शनिवारची तलावाकडची खोली रिकामी दिसते, दोघेही पैसे भरतात. शनिवारी दुपारी रिसॉर्टच्या फाटकात दोन गाड्या उभ्या राहतात आणि दोघांच्या मोबाईलवर खरीखुरी पावती असते.

म्हणून डीएनएसची नोंद किती वेळ लक्षात ठेवायची, ती मुदत एक-दोन दिवस आधीच कमी करतात आणि हलवताना जुन्या साईटवर ‘थोड्या वेळाने या’ अशी पाटी लावतात. हे काम मंगळवारी रात्री करावं. शुक्रवारी संध्याकाळी, पुण्यातून निम्मी जनता मुळशीकडे निघालेली असताना नव्हे.

पेमेंट गेटवे पैसे मिळाल्याचा निरोप ठरलेल्या पत्त्यावर पाठवतो. पत्ता जुना राहिला तर पैसे कापले जातात, बुकिंग होत नाही. लारावेलची घड्याळाची मूळ सेटिंग भारताच्या वेळेची नसते, जागतिक वेळेची असते. ती न बदलल्यास १५ ऑगस्टला पहाटे तीनला केलेलं बुकिंग १४ तारखेच्या खात्यात पडतं. जुन्या सर्व्हरवरची आपोआप चालणारी कामं बंद केली नाहीत, तर पाहुण्यांना ‘उद्या आपलं स्वागत आहे’ असे दोन दोन मेसेज जातात, त्यातला एक जुन्या तारखेचा.

तुमच्यासारख्या शेअर करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. २०१९ मध्ये तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलेली लिंक नव्या साईटवर ‘पान सापडलं नाही’ दाखवते, कारण फ्रेमवर्क बदललं की पानांचे पत्तेही बदलतात. जुन्या प्रत्येक पत्त्याला नव्याकडे वळवणारी ‘३०१’ ही सूचना लावता येते. फार काम नसतं ते, पण कुणी मागत नाही म्हणून कुणी करत नाही.

पासवर्डची गोष्ट मात्र सुखाची आहे. जुन्या साईट्स ते ‘एमडी-५’ने झाकायच्या, जे आज सहज फोडता येतं. सगळ्यांना नवा पासवर्ड बनवायला सांगायची गरज नसते. पुढच्या वेळी तुम्ही लॉगिन केलंत की साईट जुन्या पद्धतीने ताडून बघते आणि लगेच नव्या, मजबूत पद्धतीने साठवते. तुम्हाला कळतही नाही.

नांदरुकाची पद्धत

सगळं एका रात्रीत हलवायलाच हवं असं नाही. मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर लेखकाने ऑस्ट्रेलियातल्या जंगलात एक झाड पाहिलं होतं. त्याचं बी दुसऱ्या झाडावर रुजतं, मुळं खाली सोडतं, हळूहळू त्या झाडाला वेढतं आणि शेवटी स्वतःच्या पायावर उभं राहतं. २००४ मध्ये त्याने जुनी सॉफ्टवेअर बदलण्याच्या एका पद्धतीला या झाडाचं नाव दिलं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना यासाठी ऑस्ट्रेलियाला जायला नको, नांदरुक आणि पिंपळ हेच करतात.

रिसॉर्टच्या साईटला हे असं लागू होतं. आधी फक्त फोटोंची पानं नव्या फ्रेमवर्कवर न्यायची, बुकिंग जुन्यावरच. मग अभिप्राय. महिनाभर बघायचं. बुकिंग सर्वात शेवटी, पावसाळा संपल्यावर. विकिपीडियानेही अशीच वाट धरली. २०१९ मध्ये त्यांनी आपले सर्व्हर पीएचपी ७ वर नेले तेव्हा आधी स्वतःहून तयार झालेल्या सदस्यांना, मग थोड्या वाचकांना, मग आणखी थोड्यांना असं करत सप्टेंबरपर्यंत सगळ्यांना नव्या पीएचपीवर आणलं. १ मे २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडियाही त्यात होता.

तुमच्या ओळखीत कुणाची अशी साईट असेल, तर हलवण्याआधी त्यांना एकच चाचणी करायला सांगा. नव्या सर्व्हरवर, लोकांना दिसणार नाही अशा पत्त्यावर, जुन्या डेटाबेसची प्रत उभी करायची. त्यात ‘ज्ञानेश्वर विश्वनाथ’ नावाने, मुळशीचा पत्ता टाकून, इमोजीसकट अभिप्राय लिहून, जादा गादी ‘नाही’ म्हणून, पहाटे तीन वाजता एक बुकिंग करायचं. मग आठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या पाहुण्याचं नाव शोधायचं. पावती छापून डोळ्यांनी वाचायची. आणि सगळं बरोबर आलं तरी जुना सर्व्हर लगेच बंद करायचा नाही, महिनाभराचं भाडं जास्त गेलं तरी चालेल.